लिफ्टच्या सेफ्टी सर्किटला जंपर लावताना

लिफ्ट बंद पडली की पॅनेल उघडायचं, सेफ्टीच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा अडकवायचा आणि लिफ्ट हलते का बघायचं, ही सवय आमच्या धंद्यात फार जुनी आहे. सांगली-मिरजेत माझ्याकडे नवीन पोरं कामाला येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी असा एखादा तुकडा, म्हणजे जंपर, असतोच. पहिल्याच दिवशी मी तो काढून घेतो. जंपर लागतो, मीही लावतो. पण कुठला, कशासाठी, कुणी आणि किती वेळ, एवढं ठरल्याशिवाय तो लावायचा नाही. हे सगळं लिफ्टच्या कामात असलेल्या माणसांसाठी लिहितोय. सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनी जरूर वाचावं, पण पॅनेलला हात लावू नये.

सेफ्टी सर्किट म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले स्विच. गव्हर्नरचा (वेग फार वाढला की लिफ्ट अडवणाऱ्या यंत्राचा) स्विच, सेफ्टी गिअरचा (रेल्सला धरून कार थांबवणाऱ्या पकडीचा), वरचा आणि खालचा फायनल लिमिट (कार टोकाच्या मजल्यापलीकडे गेली की उघडणारा), कार टॉपवरचा, म्हणजे केबिनच्या छतावरचा, स्टॉप, पिटातला, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातला, स्टॉप, गव्हर्नरच्या रोपला खालून ताण देणाऱ्या पुलीचा स्विच, मग प्रत्येक मजल्याच्या दरवाजाचा लॉक कॉन्टॅक्ट आणि कारच्या दरवाजाचा कॉन्टॅक्ट. क्रम प्रत्येक पॅनेलमध्ये वेगळा असतो, तो ड्रॉइंगवर बघायचा. यातला एक जरी उघडला तरी मोटर आणि ब्रेकचा पुरवठा तुटतो आणि लिफ्ट असेल तिथं थांबते. जंपर लावला की त्या एका स्विचला विचारणं बंद होतं. तिसऱ्या मजल्याच्या लॉकला जंपर आहे आणि तिसऱ्या मजल्याचा दरवाजा उघडा आहे, तरी लिफ्ट पाचव्यावर निघून जाईल. हातात भाजीची पिशवी घेऊन, मागे वळून कुणाशी बोलत बोलत एखादी बाई त्या उघड्या दरवाजातून पाय टाकेल, तेव्हा तिथं केबिन नसेल.

आधी मीटर

फॉल्ट शोधायला बहुतेक वेळा जंपर लागतच नाही, मीटर पुरतो. ज्याला मीटर नीट वापरता येत नाही तोच जंपर लावत सुटतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

सेफ्टीचा व्होल्टेज किती आहे ते ड्रॉइंगवरून बघा. पुष्कळ पॅनेलमध्ये 110 व्होल्ट असतो, काहींत 24 किंवा 48, जुन्या काही पॅनेलमध्ये सरळ 230. अंदाजावर काम नको. मीटर कॅट थ्री (इमारतीच्या वीजपुरवठ्यावर वापरायच्या सुरक्षिततेच्या) दर्जाचा हवा, लीडच्या पिनांवर आवरण हवं. आधी मीटर एखाद्या चालू पॉइंटवर लावून बघा, मग सर्किट मोजा, आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच चालू पॉइंटवर बघा. मधेच मीटरची बॅटरी गेली किंवा लीड तुटली तर तो शून्य दाखवतो, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून माणूस हात घालतो.

काळी लीड सेफ्टीच्या कॉमनवर, म्हणजे परतीच्या टोकावर, ठेवायची. लाल लीड पुरवठ्याच्या टोकापासून एकेका टर्मिनलवर सरकवत जायची. 110, 110, 110 येत राहतं आणि एका टर्मिनलला नाहीसं होतं. शेवटचं 110 आणि पहिलं शून्य, या दोन टर्मिनलच्या मध्ये जे काही आहे तेच उघडं आहे. इमारत उंच असेल तर मधल्या टर्मिनलपासून सुरुवात करा, निम्मं काम वाचतं. पॅनेलच्या कार्डवर सेफ्टी, लँडिंग डोअर आणि कार डोअरचे दिवे असतात, ते आधी वाचले तर याहून लवकर कळतं.

इथं एक फसगत होते. ट्रॅव्हलिंग केबल, म्हणजे कारबरोबर वरखाली जाणारी केबल, लांब असते, तिच्यात तुटलेल्या वायरीशेजारून चालू वायर जात असते. डिजिटल मीटर अशा तुटलेल्या वायरीवरही 30-40 व्होल्ट दाखवतो. तो खरा पुरवठा नव्हे. मीटरमध्ये लो इंपिडन्सची (थोडा करंट ओढून मोजायची) सोय असेल तर त्यावर मोजा, आकडा लगेच खाली पडतो.

दुसरा त्रास म्हणजे कधी तुटणारा, कधी जुळणारा कॉन्टॅक्ट. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून जाताना मधेच थांबते, आपण पोचेपर्यंत आपोआप चालू झालेली असते. अशा वेळी पोरं त्या मजल्याला जंपर लावून ‘आता थांबते का बघू’ म्हणतात. त्यापेक्षा पॅनेलमध्ये त्याच कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलवर मीटर लावून ठेवा आणि लिफ्ट इन्स्पेक्शनवर (बटण दाबून धरलं तेवढीच, हळू) चालवा. कॉन्टॅक्ट जुळलेला असेल तर मीटर शून्य दाखवतो. तुटला की त्या क्षणी पूर्ण 110 दाखवतो. फॉल्ट सापडतो आणि सेफ्टी एक क्षणभरही कमी होत नाही.

मग जंपर कशाला? लॉकचा कॉन्टॅक्ट जळला आहे, कार दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे आणि त्या लॉकपर्यंत हात पोचायला कार हलवावीच लागणार आहे, यासाठी. किंवा मीटरने दाखवलेला कॉन्टॅक्ट तोच आहे याची एकदा खात्री करण्यासाठी. लिफ्ट लोकांना वापरायला देण्यासाठी जंपर नाही, एका फेरीपुरताही नाही.

आणि कारमध्ये माणूस अडकलेला असताना जंपर लावून लिफ्ट हलवायची नाही. मेन बंद करून, ब्रेक हाताने थोडा-थोडा सोडून कार मजल्यावर आणायची किंवा त्या लिफ्टला सुटकेची जी पद्धत ठरवून दिली आहे ती वापरायची. घाबरलेला माणूस आतून दरवाजा ओढत असतो. दरवाजाचाच कॉन्टॅक्ट आपण बाद केला असेल तर त्याला वाचवणारं काही उरत नाही.

जंपर कसा असावा

आमच्या दुकानात जंपर बनवून, नंबर टाकून ठेवलेले असतात. लाल रंगाची, 1100 व्होल्ट ग्रेडची, बारीक तारांची मऊ वायर. दोन्ही टोकांना पूर्ण आवरण असलेल्या क्रोकोडाइल क्लिपा. मधे फ्यूज होल्डर आणि त्यात सेफ्टी सर्किटला असतो तेवढाच लहान फ्यूज, म्हणजे क्लिप चुकून भलत्या टर्मिनलला लागली तर कार्ड जळण्याआधी फ्यूज जातो. लांबी इतकी की लावल्यावर वायर पॅनेलच्या बाहेर लोंबली पाहिजे आणि पॅनेलचं दार बंद होता कामा नये. जंपर आखूड असला की दारामागे लपतो, आणि लपलेला जंपर विसरला जातो. प्रत्येकावर नंबराची पत्ती, आणि बाहेर नेताना वहीत नाव. पिशवीत दोनच द्यायचे. दोनाहून जास्त लागतात असं वाटलं तर फॉल्ट अजून सापडलेला नाही, परत मीटर काढा.

साइटवर पडलेला तुकडा कधीच वापरायचा नाही. टर्मिनलचा स्क्रू ढिला करून त्याखाली वायर दाबायची तर मुळीच नाही. मिरजेतल्या एका जुन्या इमारतीचं मेंटेनन्स आमच्याकडे आलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्रिकोणी किल्लीने एकेक लँडिंग डोअर उघडून बघितलं. चौथ्या मजल्याचा दरवाजा उघडा, आणि पॅनेलवर सेफ्टीचा दिवा तसाच लागलेला. टर्मिनल पट्टीवर वरून काहीच दिसत नव्हतं. बॅटरी तिरकी धरली तेव्हा पट्टीच्या खालच्या अंगाने, दोन स्क्रूंच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढी करडी वायर दिसली. बाकीच्या वायरिंगचाच रंग, वर तेवढीच धूळ, स्क्रूही बाकीच्यांसारखेच काळवंडलेले. ती कंपनीने घातलेलीच आहे असं कुणालाही वाटलं असतं. किती वर्षं त्या घरांतली मुलं त्या दरवाजासमोर उभी राहत होती, कुणास ठाऊक. तेव्हापासून कुठलीही लिफ्ट नव्याने हातात घेतली की आम्ही प्रत्येक मजल्याचा दरवाजा किल्लीने उघडून बघितल्याशिवाय पुढचं काम करत नाही.

जंपर वायरीचाच असतो असंही नाही. तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत, तिथं गुड्स लिफ्टला ओढायचं जाळीचं गेट असतं. गारठ्यामुळे कॉन्टॅक्टवर पाणी धरतं, गेट नीट लागूनही लिफ्ट चालत नाही. मग हमाल कॉन्टॅक्टमध्ये काडी खुपसतात, नाहीतर चिकटपट्टीने तो दाबून टाकतात. हाही जंपरच. अशा ठिकाणी काडी काढून नुसतं ओरडण्यात अर्थ नाही. दमट जागेला चालणारा बंद डबीचा स्विच बसवा आणि केबल खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून डबीत उतरत नाही. लिफ्ट नीट चालायला लागली की काडी कुणी घालत नाही.

लावण्याआधी

कार रिकामी आहे याची खात्री करा. आवाज देऊन नाही, बघून. सगळ्या मजल्यांवर ‘काम चालू’चा बोर्ड लावा. जो दरवाजा उघडा राहणार आहे तिथं आडवं बॅरिकेड आणि एक माणूस. वॉचमनला खाली उभं केलं असेल तर त्याला नेमकं सांगा: “काका, मी स्वतः येऊन सांगेपर्यंत कुणालाही बटण दाबू देऊ नका.” लँडिंग कॉल बंद करा.

लिफ्ट इन्स्पेक्शनवर टाका, आणि ती खरोखर इन्स्पेक्शनवर आहे का ते जंपर लावण्याआधी तपासा. बटण दाबल्यावर हळू चालली पाहिजे, सोडल्यावर त्याच क्षणी थांबली पाहिजे. इन्स्पेक्शनचा वेग सेकंदाला 0.63 मीटरच्या वर असता कामा नये. स्टॉपचं बटण दाबून लिफ्ट चालत नाही, हेही बघा. सेफ्टी तुटलेली असल्याने लिफ्ट हलतच नसेल तर निदान पॅनेलवर इन्स्पेक्शनचा दिवा लागतो का आणि बाहेरचा कॉल घेणं बंद झालं का, एवढं बघा आणि जंपर लावल्यावर पहिली हालचाल वीतभरच करून थांबा. नॉर्मलवर असलेल्या लिफ्टला जंपर लावायचा नाही, याला अपवाद नाही.

मग मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, चावी आपल्या खिशात. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) असेल तर कपॅसिटरचा चार्ज उतरेपर्यंत थांबा. ड्राइव्हवर मिनिटं लिहिलेली असतात, तेवढी मोजा. थ्री फेजच्या ड्राइव्हमध्ये 500 व्होल्टच्या वर डीसी असतो. पुरवठा गेल्याचं मीटरने बघा आणि मगच क्लिपा लावा. चालू सर्किटला क्लिप लावण्याने कोणाचंच भलं होत नाही. ती निसटून शेजारच्या टर्मिनलला लागली की 110 व्होल्ट 24 च्या कार्डात शिरतो.

क्लिपा फक्त त्या एका कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना लावायच्या. सेफ्टीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच वायर टाकणं म्हणजे सगळे स्विच एकदम बाद करणं. फॉल्ट कुठला हे न कळताच ती लिफ्ट हलेल, आणि वर चढताना फायनल लिमिटलाही थांबणार नाही. कार डोअर आणि लँडिंग डोअर, दोन्हींना एकाच वेळी जंपर नको. एक दरवाजा बाद केला असेल तर दुसरा तरी जागा राहिला पाहिजे.

कार टॉपवरच्या आणि पिटातल्या स्टॉपला जंपर लावायचाच नाही. तिथं उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या बटणावर असतो. गव्हर्नर, सेफ्टी गिअर, फायनल लिमिट, बफर (पिटातला धक्का झेलणारा) यांनाही वायर लावू नका. सेफ्टी गिअर रेल्सला धरून बसला आणि कार सोडवायची असेल तर पॅनेलमध्ये इमर्जन्सी इलेक्ट्रिकल ऑपरेशनचा स्विच असतो. तो हेच स्विच तात्पुरते बाजूला ठेवतो, पण लिफ्ट सेकंदाला 0.30 मीटरच्या आतच चालवतो आणि बटण दाबून धरेपर्यंतच. कार टॉपवर किंवा पिटात माणूस असताना तोही वापरायचा नाही. आणि सेफ्टी गिअर का बसला, हे कळल्याशिवाय लिफ्ट पुन्हा लोकांना द्यायची नाही.

नव्या लिफ्टमध्ये वायरीची गरजच ठेवलेली नाही. युरोपातलं 2014 चं ईएन 81-20 हे मानक आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे आलेलं आयएस 17900, यांत दरवाजांसाठी पॅनेलमध्येच बायपासची सोय करायला सांगितलं आहे. तो स्विच फिरवला की लिफ्ट नॉर्मलवर चालत नाही, कार चालताना आवाज होतो आणि कारखाली दिवा उघडझाप करतो. कार डोअर आणि लँडिंग डोअर एकदम बायपास करताच येत नाहीत. पॅनेलमध्ये ही सोय असताना पिशवीतून लाल वायर काढू नका.

चालवताना

बटण एकाच माणसाच्या हातात. पॅनेलवरचा माणूस सांगतो, कार टॉपवरचा तेच शब्द परत म्हणतो, मगच हालचाल. “खाली येतोय.” “खाली या.” उत्तर आलं नाही तर हलायचं नाही. मोबाइलची रेंज शाफ्टमध्ये जाते म्हणून आम्ही वॉकीटॉकी वापरतो. जेवढं अंतर लागतं तेवढंच चालवा. कार लॉकपर्यंत आली की मेन बंद, कुलूप, जंपर काढा आणि मगच लॉकच्या दुरुस्तीला हात घाला. जंपर लावून जेवायला जायचं नाही, सामान आणायला दुकानात जायचं नाही, दुसऱ्याच्या ताब्यात साइट द्यायची नाही. लावणाऱ्यानेच काढायचा.

पुराच्या पाण्यानंतर

सांगलीत याबद्दल वेगळं बोलावंच लागतं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात कृष्णेकाठच्या कित्येक इमारतींचे पिट भरले. पाणी ओसरलं की सगळ्यांचे एकदम फोन येतात, घराघरात म्हातारी माणसं वर अडकलेली असतात. पिटातला स्टॉप, ताण पुलीचा स्विच, खालचा लिमिट, बफरचा स्विच, सगळ्यांत गाळ. इथं ‘खालचे स्विच बाजूला ठेवून तात्पुरती चालू करू’ हा मोह सगळ्यात मोठा असतो.

ओल्या सर्किटची अडचण अशी की ते न लावताच जंपर होतं. ज्या जुन्या पॅनेलमध्ये सेफ्टीचं परतीचं टोक अर्थला बांधलेलं नाही, तिथं एका स्विचच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन ठिकाणी वायर अर्थ झाली तर करंट मधला स्विच टाळून इमारतीच्या लोखंडातून जातो. स्विच उघडा, दिवा मात्र लागलेला. परतीचं टोक अर्थला बांधलेलं असेल तर फ्यूज जातो. तो फ्यूज वारंवार जातोय म्हणून कुणी जाड तार घातली असेल तर शेवटची राखणही गेली. म्हणून पाणी उपसा, गाळ धुवा, भिजलेले स्विच बदला, सुकवून परत बसवू नका. पॅनेलच्या कार्डाकडची टोकं सोडवून मगच 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) केबल तपासा. कार्ड जोडलेलं असताना मेगर फिरवला तर कार्ड जातं. केबल चांगली निघाली की पुढचं. आणि इशारा आला की पुराआधीच कार वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करून ठेवा. नंतरचं अर्धं काम त्यानेच वाचतं.

काढल्यावर

मेन बंद करून जंपर काढा आणि वहीतल्या नंबराशी जुळवा. पॅनेलचं दार पूर्ण बंद झालं पाहिजे. दार अडतंय तर का अडतंय ते बघा, ढकलून लावू नका.

मग परीक्षा. ज्या कॉन्टॅक्टला जंपर होता तो दरवाजा किल्लीने उघडा. सेफ्टीचा दिवा गेला पाहिजे आणि इन्स्पेक्शनवर लिफ्ट हलता कामा नये. नंतर बाकीचे सगळे मजले तसेच, एकही न सोडता. दुरुस्त केलेल्या लॉकचा हुक निदान 7 मिलिमीटर आत बसल्यावरच कॉन्टॅक्ट जुळतो का ते मोजा. हुक काठावर अडकूनही दिवा लागत असेल तर ते काम अपुरं आहे. स्टॉप तपासा, फायनल लिमिट तपासा. त्यानंतर नॉर्मलवर रिकामी कार सगळ्या मजल्यांवर फिरवा, आणि मगच बोर्ड काढा. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कुठल्या मजल्याचा कॉन्टॅक्ट, जंपर कितीला लावला, कितीला काढला आणि सही.

लॉक मिळालं नाही तर काय, हा प्रश्न दर आठवड्याला येतो. सुट्टा भाग पुण्याहून यायचा असतो, आणि इकडे चेअरमन जिन्यात उभे असतात. “मिस्त्री, उद्या साखरपुडा आहे हो. एक दिवस कसंही करून चालवा, मी लिहून देतो.” मी त्यांना घेऊन त्या मजल्यावर जातो, मेन बंद करून किल्लीने दरवाजा उघडतो आणि खालचा पिट दाखवतो. “काका, उद्या पाहुण्यांची पोरं इथं खेळतील. तुमच्या कागदाने हा दरवाजा बंद होणार आहे का?” बहुतेक जण तिथंच थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्यासमोरही मी मेन बंद करतो, माझं कुलूप लावतो, तळमजल्यावर बोर्ड लावतो आणि सुटा भाग कधी येणार ते त्यावर लिहितो. म्हाताऱ्या पाहुण्यांना वर न्यायला खुर्ची आणि दोन पोरं लागली तर ती मी माझ्याकडची पाठवतो.